अस्थींचा पत्ता

डिसेंबर २०१४ मध्ये जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचा दर्शन सोहळा चालू होता. से कॅथेड्रलच्या बाहेर मंडपातल्या रांगेत मी उभा होतो. पुढे तमिळ बोलणारे एक मोठे कुटुंब, मागे सावंतवाडीकडून आलेल्या दोन बायका. दोघींच्या कपाळावर कुंकू होते आणि हातात मेणबत्त्यांचा जुडगा होता. रांग दोनेक तास चालली असेल. वाटेत त्यांतल्या एकीने मला विचारले, "हे त्यांचंच आहे, हे कशावरून म्हणायचं हो?" तिच्या विचारण्यात कुचेष्टा नव्हती. दर्शनाला निघालेल्या माणसाला पडलेला तो साधा प्रश्न होता. मी त्या वेळी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले.

दर्शन आटोपून त्याच दुपारी मी मोंते सांतोच्या टेकडीवर गेलो. तिथे ऑगस्टिनियन मठाचे भग्नावशेष आहेत. ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा उभा आहे आणि पायाशी उघड्यावर थडग्यांच्या शिळा पसरल्या आहेत. एका राणीच्या अस्थी याच मठात ठेवलेल्या होत्या. पुढे मठ पडला आणि त्या अस्थी मातीत गेल्या. टेकडीच्या खाली हजारोंची रांग होती आणि वर मी व एक पहारेकरी असे दोघेच होतो.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, मिळेल ते वाचत, जमेल तिथे जाऊन पाहत आलेला माणूस आहे. पण त्या बाईंचा प्रश्न मला सोडवेना. गेली काही वर्षे या विषयावर जे वाचले, पाहिले, त्यातून माझ्यापुरते जे उत्तर हाती लागले, ते या लेखात मांडतो आहे.

अवशेष म्हणजे काय?

आपल्याकडे मृतदेहाचा सर्वसाधारण मार्ग अग्नी आणि पाणी हा आहे. अस्थी गोळा करायच्या त्या विसर्जन करण्यासाठी. अस्थी घरात ठेवणे अशुभ. पण याला अपवादही आपल्याकडेच आहेत. संतांची समाधी असते, पादुका असतात. बौद्ध परंपरेत तर शरीरधातूंवर स्तूप उभे राहिले. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला, तेव्हा आत दगडी करंडकात एकात एक ठेवलेल्या डब्या निघाल्या. पूज्य व्यक्तीचा अंश जपून ठेवावा, त्याच्या जवळ जावे, ही ओढ मराठी वाचकाला परकी नाही.

कॅथलिक परंपरेत या ओढीला शास्त्राची चौकट मिळाली. रूढ वर्गीकरणात पवित्र अवशेषांचे तीन वर्ग धरले जात. पहिला वर्ग देहाचा: अस्थी, रक्त, केस. दुसरा वापरातल्या वस्तूंचा: वस्त्र, जपमाळ, पुस्तक. तिसरा वर्ग स्पर्शाचा, म्हणजे पहिल्या वर्गातल्या अवशेषाला लावलेला कापडाचा तुकडा वगैरे. सुरुवात हुतात्म्यांपासून झाली. रोमन राजवटीत मारल्या गेलेल्यांच्या अस्थी पहिले ख्रिस्ती लोक गोळा करत आणि त्यांच्या थडग्यांपाशी जमून उपासना करत. पुढे वेदी आणि थडगे यांचे नातेच जुळले. ७८७ च्या निकिया धर्मपरिषदेने नव्या चर्चच्या पवित्रीकरणासाठी अवशेष आवश्यक ठरवले. स्थिर वेदीखाली संताचे अवशेष ठेवण्याची चाल आजच्या चर्च-कायद्यातही राखलेली आहे.

इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. चर्चच्या शिकवणुकीत पूजा फक्त ईश्वराची. संतांना आणि त्यांच्या अवशेषांना द्यायचा तो आदर. ज्या देहात ईश्वराचा आत्मा वसला आणि जो अंतिम दिवशी पुन्हा उठणार आहे, त्या देहाविषयीचा हा आदर आहे, अशी त्यामागची मांडणी. रांगेतला सामान्य माणूस हा भेद मनात काटेकोर ठेवतो का, हा प्रश्न वेगळा. सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी नेमके तेच विचारले. कॅल्व्हिनने १५४३ मध्ये एक पुस्तिकाच लिहिली आणि एकाच संताचे अवशेष किती ठिकाणी दाखवले जातात याची खिल्ली उडवली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये अवशेषांचा आदर योग्य ठरवला. पण त्यातली लबाडी आणि पैशाचा व्यवहार बंद व्हावा, आणि बिशपच्या मान्यतेशिवाय नवा अवशेष स्वीकारू नये, असेही बजावले.

म्हणजे "कशावरून?" हा प्रश्न चर्चलाही जुनाच आहे. त्याचे चर्चने शोधलेले उत्तर दुहेरी आहे: कागद आणि मोहोर. अवशेष डबीत ठेवायचा, डबी धाग्याने बांधायची, धाग्यावर लाखेची मोहोर करायची आणि सोबत अधिकाऱ्याच्या सहीचे प्रमाणपत्र द्यायचे. मोहोर तुटली की प्रमाण गेले. सध्याच्या चर्च-कायद्यानुसार अवशेषांची विक्री पूर्णपणे निषिद्ध आहे आणि महत्त्वाचे अवशेष रोमच्या परवानगीशिवाय कायमचे हलवता येत नाहीत.

चुन्यातून निघालेला देह

झेवियर यांचा जन्म १५०६ चा, स्पेनच्या उत्तरेतल्या नव्हारचा. इग्नेशियस लोयोला यांच्या येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट संघाच्या, पहिल्या सोबत्यांपैकी ते एक. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. पुढची दहा वर्षे ते दक्षिण भारताचा मच्छीमार किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान असे फिरत राहिले. चीनमध्ये शिरण्याच्या खटपटीत असताना ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांशियान बेटावर त्यांचा मृत्यू झाला.

दफन करताना पेटीत चुना भरला होता. हेतू अगदी व्यावहारिक होता: मांस लवकर झडावे आणि जहाज परत निघेल तेव्हा नुसत्या अस्थी नेता याव्यात. फेब्रुवारी १५५३ मध्ये पेटी उघडली तर देह जसाच्या तसा होता. तो मलाक्कात नेला गेला आणि तिथल्या टेकडीवरच्या चर्चमध्ये पुन्हा पुरला गेला. काही महिन्यांनी तो पुन्हा वर काढला, तेव्हाही टिकलेला होता. मलाक्काची ती रिकामी खाच आजही जाळी लावून जपलेली आहे. आत काही नाही, तरी लोक पाहायला जातात.

मार्च १५५४ मध्ये देह गोव्यात आला. शहर लोटले. विजरईचे वैद्य कोस्मे साराइव्हा यांनी देह तपासला आणि तो टिकवण्यासाठी मसाले वगैरे वापरल्याची खूण नाही, असा निर्वाळा दिला. दर्शनाच्या गर्दीत एका भाविक बाईने पायाचे बोट चावून तोडून नेले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथा किती खरी हे बाजूला ठेवले, तरी देह जवळ हवा, नुसता पाहून भागत नाही, ही त्या काळच्या भक्तीची जात तिच्यातून कळते.

वाटून न संपणारा देह

बोट तोडणाऱ्या बाईने जे केले म्हणतात, तेच पुढे संघाच्या प्रमुखांच्या आज्ञेने रीतसर झाले. रोमहून क्लाउडिओ आक्वाव्हिव्हा यांचा हुकूम आला आणि ३ नोव्हेंबर १६१४ रोजी झेवियर यांचा उजवा हात कोपराखाली कापून रोमला पाठवण्यात आला. असंख्य लोकांना बाप्तिस्मा दिलेला हात म्हणून तोच निवडला होता. आज तो रोमच्या जेझू चर्चमध्ये वेदीवर आहे. १६१९ मध्ये दंडाचा उरलेला भाग कोची, मलाक्का आणि मकाव यांच्यासाठी वाटला गेला. मकावमधले दंडाचे हाड आज तिथल्या सेंट जोसेफ सेमिनरीच्या चर्चमध्ये आहे.

आपल्या नजरेला ही विटंबना वाटते. मलाही प्रथम वाटली होती. पण त्या परंपरेचा हिशेब निराळा आहे. तिथे अंश पूर्णाइतकाच समर्थ असतो. वाटल्याने संत कमी होत नाही, उलट जिथे अंश जातो तिथे तो संत राहायला येतो. त्यामुळे प्रत्येक अंशाला स्वतःचा पत्ता लागतो. रोममधला हात १९४९ मध्ये, झेवियर जपानात पोचल्याला चारशे वर्षे झाली म्हणून, जपानला नेण्यात आला. २०१८ मध्ये तो कॅनडाच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा विमानात त्याच्यासाठी स्वतंत्र आसन राखले होते. मालाच्या कप्प्यात त्याला टाकता येईना, कारण तो माल नव्हता. आज मात्र देहाचे असे विभाजन सहजी होत नाही. रोमने २०१७ मध्ये काढलेल्या सूचनांनी त्यावर कडक निर्बंध घातले आहेत.

झेवियर १६२२ मध्ये संत घोषित झाले. १६२४ पासून देह बॉम जेझस चर्चमध्ये आहे. ज्या चांदीच्या पेटीत तो ठेवला आहे, ती १६३६-३७ मध्ये गोव्याच्या सोनारांनी घडवली. तिच्यावरच्या ३२ पत्र्यांवर संताच्या आयुष्यातले प्रसंग कोरले आहेत. विषय युरोपी आणि हात गोव्याचे. पेटीखालचा संगमरवरी चबुतरा मात्र फ्लॉरेन्सचा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याला संताच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली होती. तिची परतफेड म्हणून त्याने शिल्पकार फोज्जिनीकडून हे काम करवून घेतले आणि सुट्या भागांत जहाजाने पाठवले. १६९८ मध्ये ते गोव्यात जोडले गेले. उशी म्हणजे दुसऱ्या वर्गातला अवशेष. तिच्या बदल्यात आले दहा वर्षे खपून केलेले शिल्प. विक्रीला बंदी, पण भेटीला परतभेट चालते, असा हा व्यवहार.

राजदंड आणि अफवा

मराठी इतिहासाचा या पेटीशी थेट संबंध १६८३ मध्ये येतो. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवे बेट घेतले आणि गोवे शहर हाताच्या अंतरावर आले. विजरई काउंट आल्व्होर बॉम जेझसमध्ये गेला, पेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड संताच्या देहापाशी ठेवून, आता राज्य तूच राख, अशी प्रार्थना केली. पुढे शाह आलमची मोगल फौज रामघाट उतरून आली आणि संभाजी महाराजांना माघारी वळावे लागले. मराठी इतिहासकार कारण म्हणून मोगल फौजेचे नाव घेतो, पोर्तुगीज बखरकार संताचे. पुढे नव्या राज्यपालाने संताच्या कबरीपाशी दंड स्वीकारावा, असा रिवाजच पडला. म्हणजे हा देह नुसता भक्तीचा विषय उरला नाही, तो सत्तेचाही आधार झाला. झेवियर यांच्याविषयी आज जे तट पडतात, त्यांचे एक मूळ इथे आहे. दुसरे मूळ त्यांच्या १५४६ च्या पत्रात आहे. त्यात त्यांनी पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशनची मागणी केली होती. ते न्यायासन गोव्यात १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, सुरू झाले. मागणीची जबाबदारी त्यांच्यावर जाते, पुढच्या अडीच शतकांच्या कारभाराची जात नाही. हे दोन्ही एकाच दमात म्हणता आले पाहिजे.

१७५९ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने जेझुइटांना हाकलले. गोव्यातून संघ गेला, देह राहिला. मग कुजबुज सुरू झाली की जेझुइटांनी जाताना खरा देह नेला आणि दुसराच ठेवला. ती मोडण्यासाठी १७८२ च्या फेब्रुवारीत तीन दिवस देह सर्वांना दाखवण्यात आला. आज ज्याला आपण दर्शन सोहळा म्हणतो, त्याचा उगम असा एका संशयात आहे. "कशावरून?" असे लोकांनी विचारले आणि त्यांना "या आणि पाहा" असे उत्तर मिळाले. १९६४ पासून हा सोहळा दर दहा वर्षांनी होतो. अलीकडचा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. मराठी वृत्तपत्रे त्याला बरीच वर्षे "शवप्रदर्शन" म्हणत आली आहेत. चर्च म्हणते "पवित्र अवशेषांचे दर्शन". हा केवळ शब्दांचा फरक नाही. शव टाकायचे असते, अवशेष राखायचा असतो.

हरवलेली राणी

आता टेकडीवरच्या मठाकडे वळू. जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेव्हान हिला इराणच्या शाह अब्बासने ओलीस ठेवले होते. धर्म सोडायला ती तयार होईना, म्हणून सप्टेंबर १६२४ मध्ये शिराझ इथे तिला हाल करून मारण्यात आले. तिथे असलेल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या देहाचे काही अवशेष मिळवले. त्यांतले काही जॉर्जियात तिच्या मुलाकडे पोचले, काही १६२७ मध्ये गोव्यात आले. ती ऑर्थोडॉक्स पंथाची होती आणि तिला जपणारे कॅथलिक. पण हौतात्म्य पाहून त्यांनी पंथ आड येऊ दिला नाही.

झेवियरच्या बाबतीत जे तुटले नाही, ते इथे तुटले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सत्तेने मठसंस्था बंद केल्या आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. अस्थींजवळ कोणी उरले नाही, मोहोर पाहणारे कोणी उरले नाही. ढिगाऱ्यात अनेक साधूंच्या आणि गृहस्थांच्या अस्थी होत्या, त्यांत राणीच्याही अस्थी मिसळल्या. एखादा अवशेष साधे हाड होऊन जातो तो असा.

मात्र एक गोष्ट उरली होती: पत्ता. जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहिले होते की राणीच्या अस्थी मठाच्या सभागृहाच्या चॅपलमध्ये, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत आहेत. जॉर्जियाचे अभ्यासक १९८० च्या दशकापासून शोधासाठी येत राहिले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारा उपसला. चॅपल कोणते, हे ओळखायला कागदांत नमूद असलेल्या एका थडग्याच्या शिळेचा उपयोग झाला. २००४ मध्ये हाताचे एक हाड सापडले. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे सीसीएमबीत, त्यातला आईकडून येणारा डीएनए तपासला. तो ज्या वंशगटाचा निघाला, तो भारतीय उपखंडातल्या २२,००० हून अधिक नमुन्यांत आढळला नव्हता. जॉर्जियातल्या ३० नमुन्यांपैकी दोघांत आढळला. तिथल्याच आणखी दोन अस्थींचे वंशगट मात्र भारतात आढळणारे होते. जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी राणीच्या अवशेषाचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला.

या चाचणीने काय सिद्ध झाले, हे नेमके सांगायला हवे. "ही केतेव्हान" असे डीएनएने सांगितले नाही. हे हाड जॉर्जियातल्या व्यक्तीचे असू शकते आणि इथल्या व्यक्तीचे असण्याची शक्यता फार कमी, एवढेच त्याने सांगितले. नाव कागदाने दिले, जागा खिडकीने दिली. प्रयोगशाळेने त्यांना दुजोरा दिला. कागद नसता, तर ते हाड एका अनोळखी जॉर्जियन बाईचे ठरले असते.

प्रश्न कोण विचारतो

झेवियर यांचा देह मुळात श्रीलंकेच्या एका बौद्ध भिक्षूचा आहे, असा दावा अधूनमधून होतो. २०२४ च्या सोहळ्याआधी डीएनए चाचणीची जाहीर मागणी झाली आणि गोव्यात त्यावरून लोक रस्त्यावर आले. या वादात माझे मत विचाराल तर ते असे. तांत्रिकदृष्ट्या रोमचा हात आणि गोव्याचा देह ताडून पाहता येतील. पण त्यातून दोन्ही एकाच माणसाचे आहेत, एवढेच कळेल. तो माणूस कोण, हे १५५२ पासूनच्या नोंदींवरूनच ठरवावे लागेल. आणि त्या नोंदी, मलाक्काचे दफन, साराइव्हांची तपासणी, १६१४ चा हुकूम, १७८२ चे दर्शन, अशा सलग आहेत. हा देह कधी बेवारस पडला नाही. जेझुइट गेले तेव्हाही दिवा लावणारे कोणीतरी होते.

प्रश्न विचारण्याचा अधिकार अभ्यासकाचा आहे आणि मी तो सोडणार नाही. पण केतेव्हानची चाचणी तिला शोधणाऱ्यांनी करवली होती. इथली मागणी ज्यांनी केली, त्यांना कोणाला शोधायचे नव्हते, शेजाऱ्याचे काहीतरी काढून घ्यायचे होते. त्यामुळे दोन्हींकडे चाचणी हाच शब्द असला, तरी त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

त्या रांगेतल्या बाईंना आज मी असे सांगेन. अवशेष तीन गोष्टींनी बनतो: अस्थी, तिची साक्ष आणि तिची जागा. यातले पहिले काळाच्या हाती आहे. उरलेल्या दोहोंना माणसे लागतात. टेकडीवर माणसे गेली, तेव्हा राणी हरवली. पायथ्याशी माणसे राहिली, म्हणून देह राहिला. श्रद्धा नसलेल्यालाही हे मान्य करायला हरकत नाही.

जाता जाता एक काळजी. बॉम जेझसच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. पूर्वी त्यांवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात इमारत अधिक जुनी दिसावी म्हणून तो खरवडून काढला. जांभा पाणी पितो. तेव्हापासून दर पावसाळ्यात तो दगड उघड्यावर झिजतो आहे आणि चर्चच्या व्यवस्थापकांनी याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली आहे. आज लालसर दगडाचे तेच रूप पर्यटकांच्या छायाचित्रांत रुळले आहे, त्यामुळे गिलावा परत करावा म्हटले तरी वाद होतो. सांशियानला देह लवकर झडावा म्हणून चुना घातला होता, तरी देह टिकला. गोव्यात त्याच्या घराला टिकवणारा चुना आपण काढून टाकला. पुढचा सोहळा दहा वर्षांनी येईल. तोवर नऊ-दहा पावसाळे जायचे आहेत. पेटीतल्या देहावरून भांडण्याआधी त्या भिंतीकडे पाहिले पाहिजे.